बाबांची गुठळी आणि आईचे रातांबे

तमाम रत्नागिरीकर, हातखंब्यापासून भाट्याच्या पुळणीपर्यंत पसरलेले आमचे आप्तेष्ट, आमच्या सरबताची गिऱ्हाइकं आणि पंचक्रोशीतील समस्त देवदेवता यांना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या तीर्थरूपांना लाल लघवी झाली आहे. सदर रंग अस्सल असून त्यात कोणतीही भेसळ नाही. हुकमावरून.

असं निवेदन प्रत्यक्षात कुणी छापलं नाही. गरजच पडली नाही. बाबांनी स्वतःच ती बातमी गावभर केली, आणि तीही तक्रार म्हणून नव्हे, जाहिरात म्हणून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं घर खाडीच्या पलीकडे, भाट्याच्या बाजूला. मागच्या आगरात नारळीपोफळींच्या सावलीत कोकमाची झाडं होती. बाबा बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांनी आईच्या सरबताचा धंदा करायचं ठरवलं. धंदा आईचा, ठरवणं बाबांचं. आई रातांबे, म्हणजे कोकमाची पिकली फळं, फोडायची, सालांच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवायची. बाबा त्या बरण्यांच्या रांगेसमोरून जहाजाच्या कप्तानासारखे फिरायचे आणि प्रत्येक बरणीतला एकेक पेला चाखायचे. मे महिन्यात आईचे हात मनगटापर्यंत लाल-जांभळे व्हायचे आणि पहिल्या भातलावणीपर्यंत तो रंग जायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचे हात उन्हाळ्यात पिकतात.

तर अशाच एका मे महिन्यात, सकाळी, मागच्या गडग्याच्या दगडी भिंतीपाशी उभे असलेले बाबा मोठ्याने ओरडले.

"अगो, बाहेर ये! बघ तुझी करामत!"

आई लाल हात पुढे धरून धावत गेली.

"यंदाचा रंग बघ! माणसातून गाळून आला तरी उतरला नाही!"

"शी! काय हा चावटपणा!" आई म्हणाली. पण मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती हसत होती. खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटला होता.

पुढचे काही दिवस बाबा ज्याला-त्याला सांगत सुटले. एस.टी.च्या कंडक्टरला, पोस्टमनला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. "दुसऱ्याचं सरबत पिऊन बघा आणि आमचं पिऊन बघा. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळेल." लोक हसायचे आणि बाटली न्यायचे.

शंका काढली ती काकांनी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यामुळे देवाशी त्यांचं थेट बोलणं होतं आणि माणसांशी ते जरा वरूनच बोलत. ते म्हणाले, "अण्णा, सरबत आम्हीही पितो. आमची नाही होत लाल."

"तुम्ही पाणी घालून पिता," बाबा म्हणाले.

मग रीतसर प्रयोग झाला. आईने बाबांचं सरबत बंद केलं. आठवडाभरात रंग गेला. पुन्हा सुरू केलं. काही दिवसांनी रंग आला. यापेक्षा आणखी कुठलं शास्त्र पाहिजे? आमच्या घरात त्या दिवशी सिद्ध झालं की लाल रंग हा कोकमाचाच. मूत्रपिंडातलं रक्त आपल्याच लहरीने येतं, आपल्याच लहरीने महिनोन्‌महिने थांबतं, हे आम्हाला पुढच्या वर्षी एका सर्जनने सांगितलं. तोवर ती लहर आणि आमचं सरबत यांची पावलं जुळत गेली, नाचणाऱ्यांची जुळतात तशी.

त्या उन्हाळ्याची आठवण मला अजूनही सरबताच्या पेल्यातून बघावी तशी दिसते. सगळं थोडं लाल, थोडं हलणारं, कडा वितळलेल्या. बाबा त्या पेल्याच्या तळाशी उभे राहून हसतायत, आणि त्यांच्या मागे खाडी चमकतेय.

पुढच्या शिमग्याला पालखी दारात आली. बाबांनी ती खांद्यावर घेतली आणि असे नाचले, असे नाचले की काकासुद्धा म्हणाले, "अण्णा, पुरे, देवाला चक्कर येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापाशी बाबा ओरडले नाहीत. बराच वेळ तिथे नुसते उभे राहिले. लाल रंगात काळपट दोऱ्यासारख्या गुठळ्या होत्या, जळवांसारख्या. आणि पाय असे सुजले होते की चपलांत जाईनात.

गावातल्या डॉक्टरांकडे जाताना बाबांनी पुरावा म्हणून सरबताची बाटली नेली. डॉक्टर मंद बोलणारे, मंद हसणारे. त्यांनी बाटली ठेवून घेतली, बाबांचं पोट दाबून पाहिलं, पायांवर बोटं रुतवून पाहिली आणि म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काल तुमचं सरबत मी प्यायलो, आमच्या हिने प्यायलं, कंपाउंडरने दोन पेले प्यायले. आज सकाळी तिघांचीही साफ आहे. सरबत उत्तम आहे. पण हा रंग त्याचा नाही. तुम्ही मुंबईला जा. आजच्या गाडीने गेलात तर मला बरं वाटेल."

बाबांनी घरी येऊन हे सगळं नाटकासारखं करून दाखवलं, डॉक्टरांच्या आवाजात, कंपाउंडरच्या चेहऱ्यासकट. आई हसली नाही. काका ओसरीवर होते. ते म्हणाले, "रंग कोकमाचा नसेल. पण रोग? इतकी वर्षं रोज इतकं आंबट पोटात गेल्यावर माणसाचं आत काय होईल? वहिनी, तुझा हेतू वाईट होता असं नाही म्हणत मी."

असं नाही म्हणत मी, असं म्हणून माणूस जे म्हणतो ते थेट आत जातं. आईने त्या दिवशी सगळ्या बरण्या माळ्यावर चढवल्या.

मुंबईला माझा मोठा भाऊ नोकरीला होता. बाबा त्याच्याकडे गेले. जाताना आई पिशवी भरून तयार होती, पण बाबांनी तिला उंबऱ्यातच थांबवलं. "रातांबे पिकायला आलेत. तू आलीस तर सगळा माल मातीत जाईल. मी येतो लवकर, तू फोडून ठेव." हा हुकूम होता आणि समजूतही होती. आई राहिली. रातांबे पिकले. आणि तिने त्यातला एकसुद्धा फोडला नाही.

आता माझी ओळख करून द्यायची वेळ आली आहे, कारण इथून पुढची सगळी गोष्ट माझ्या कानांतून गेली. मी तेव्हा विशीत होते आणि रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल आधी नोंदवावा लागे, आणि तो जोडून द्यायचं काम आमचं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. एका भोकात दोरी घातली की भाट्याचा दुकानदार, दुसऱ्या भोकात घातली की मुंबई. तीन मिनिटं झाली की "थ्री मिनिट्स" असं म्हणायचं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम. आणि लाइन नीट चालू आहे का हे मधूनमधून ऐकून खात्री करायची, हाही नियम. या दोन नियमांच्या मधल्या फटीत आमचं सारं तारुण्य गेलं, आणि मजेत गेलं.

दुपारी बोर्ड शांत असायचा. पंखा वरती एकाच जागी गुणगुणायचा, खिडकीतून खाऱ्या वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा, आणि हेडफोनमध्ये रिकाम्या लाइनीची गाज ऐकू यायची. शंख कानाला लावला की येते ना, तशी. मी डोळे मिटून ती ऐकायचे. वाटायचं, ही तार नाहीच, हा लांबलचक समुद्र आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझ्यासारखंच डोळे मिटून बसलं आहे.

होतीच तशी एक. मुंबईच्या बोर्डावरची बाई. तिला मी कधी पाहिलं नाही, तिचं नाव मला माहीत नव्हतं. माहीत होता तो तिचा आवाज, सुकलेल्या सुपारीसारखा टणक. "बोला रत्नागिरी." "लावते रत्नागिरी." "थ्री मिनिट्स." हे शेवटचं ती असं म्हणायची की कात्रीने कापड कापल्यासारखं दोन्हीकडचं बोलणं तुटायचं. बायका हुंदक्याच्या मध्यावर थांबायच्या. आमच्या सुपरवायझरबाई तिला मानत. "शिस्त शिकावी तर हिच्याकडून," म्हणत.

भावाचा पहिला मोठा कॉल आला तेव्हा आई कोपऱ्यावरच्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून वाट बघत होती. आमच्या बाजूचा फोन तोच. मी दोरी घातली आणि नियमाप्रमाणे खात्री करत राहिले.

"आई, सगळ्या तपासण्या झाल्या," भाऊ म्हणाला. "बाबांच्या उजव्या मूत्रपिंडात गाठ आहे. कॅन्सरची."

लाइनीत फक्त गाज.

"आणि त्या गाठीतून एक गुठळी निघून शिरेत शिरली आहे. तिथून ती पोटातल्या मोठ्या शिरेत चढली आहे. ती शीर थेट काळजाकडे जाते. म्हणून पाय सुजले. खालचं रक्त वर जायला वाट कमी पडते."

"म्हणजे भरतीचं पाणी खाडीत चढतं तसं?" आईने विचारलं.

"तसंच. फक्त ह्याला ओहोटी नाही."

मग त्याने जे सांगितलं ते सर्जनचे शब्द होते. औषधाने हे विरघळायचं नाही. मूत्रपिंड काढायचं, मोठी शीर वरखाली बांधून धरायची, उघडायची, गुठळी बाहेर ओढायची आणि शीर पुन्हा शिवायची. ओढताना तुकडा सुटला तर तो काळजातून फुफ्फुसात जाईल आणि माणूस टेबलावरच जाईल. केलं नाही तर काही महिने. केलं आणि सगळं अख्खं निघालं, आणि रोग दुसरीकडे कुठे गेलेला नसला, तर गुठळी असूनही माणसं वर्षानुवर्षं जगतात. गुठळी किती वर चढली यापेक्षा रोग आणखी कुठे गेला आहे का, हे जास्त महत्त्वाचं. बाबांच्या शेजारच्या खाटेवर घाटावरचे एक मास्तर होते. तोच रोग, गुठळी बाबांच्यापेक्षा लहान, पण फुफ्फुसात डाग दिसले होते. बाबांच्या फोटोत डाग नव्हते.

"थ्री मिनिट्स," मुंबईची बाई म्हणाली.

"त्यांना विचार," आई घाईने म्हणाली, "डॉक्टरांना विचार, हे कशामुळे..."

कात्री चालली. लाइन गेली.

मी संध्याकाळी खाडीवरच्या पुलावरून घरी आले तेव्हा आई मागच्या आगरात उभी होती. झाडांखाली रातांबे पडले होते, लालभडक, एकावर एक. मधूनच एखादा वरून सुटायचा आणि त्या गालिच्यावर मऊ पडायचा. आईने ते उचलले नव्हते, झाडलेही नव्हते. ती त्यांच्यामध्ये उभी होती, आणि मला एकदम जाणवलं की मे अर्धा सरला तरी तिचे हात पांढरे आहेत. इतके पांढरे की ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

"आई, निदान आमसुलं तरी घाल," मी म्हटलं.

"मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "ज्याने माणूस आजारी पाडला त्याला मी हात लावणार नाही."

मी किती समजावलं! पण माझं ज्ञान लाइनीवरून ऐकलेलं, आणि काका पडले देवाचे वकील.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी मुंबईत संप पुकारला. त्यांनी सर्जनला सांगितलं, "माझं गाऱ्हाणं माझ्या कानांवर पडल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही." सर्जनला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटली. त्याने विचारलं, जेवण बरोबर नाही का? भावाने समजावलं की आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवासमोर नारळ ठेवून मागणं मागतात, एकजण मोठ्याने म्हणतो आणि बाकीचे सगळे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. होकाराशिवाय गाऱ्हाणं म्हणजे भरताशिवाय भाकरी. सर्जन म्हणाला, करा, पण रुग्ण खाटेवरून हलणार नाही. शेवटी परिचारिकांच्या टेबलावरचा फोन लांब दोरीने बाबांच्या खाटेपर्यंत आणला गेला. बाबा जिथे जात तिथे रंगभूमी तयार व्हायची.

इकडे दुकानात गर्दी जमली. दुकानदाराने तराजूच्या एका पारड्यात नारळ ठेवला, कारण तीच तेवढी स्वच्छ आणि उंच जागा. काकांनी टोपी सारखी केली. आई पोत्यावर. आणि मी एक्स्चेंजमध्ये, हेडफोन घट्ट दाबून. सुपरवायझरबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी शेजारचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला.

"हे देवा म्हाराजा!" काकांचा आवाज तारेत शिरला. त्यांच्या आवाजाला फोनची गरज नव्हती, पण दिला होता. "आज तुझ्या लेकरांनी तुझ्या नावाने नारळ ठेवलाय, तो मानून घे!"

"होय म्हाराजा!" दुकान म्हणालं. मुंबईहून बाबांचा बारीक आवाज म्हणाला. भाऊ म्हणाला. आमच्या बोर्डावरच्या मुली म्हणाल्या.

"तुझं लेकरू उद्या परक्या मुलखात डॉक्टरच्या सुरीखाली निजतंय. त्याच्या पाठीशी उभा राहा!"

"होय म्हाराजा!"

"त्या डॉक्टरच्या हाताला यश दे! गाठ निघू दे, गुठळी अख्खी निघू दे, तिचा कण काळजाकडे जाऊ देऊ नकोस!"

"होय म्हाराजा!" आता मुंबईकडून जास्त आवाज आले. वॉर्डातली माणसं सामील झाली असावीत. घाटावरचे मास्तरही असतील.

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन मिनिटं होत आली होती. गाऱ्हाणं मध्येच तोडणं म्हणजे अपशकुन, आणि मुंबईची बाई कुणासाठी थांबत नाही. लाइनीत टक् असा ओळखीचा आवाज झाला. ती आली होती.

"आणि आमचा माणूस चालत्या पायांनी परत आण, म्हणजे तुला पुढच्या शिमग्याला पाच नारळांचं तोरण बांधू!"

लाइनीत क्षणभर गाज. मग सुकलेल्या सुपारीसारखा तो आवाज, अगदी हळू, म्हणाला,

"होय म्हाराजा."

आमच्या सुपरवायझरबाईंनी माझा खांदा असा दाबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

इथे थांबले असते तर काका थोर ठरले असते. पण वेळ वाढवून मिळाला की वक्ता वाहवत जातो. काकांनी स्वर खाली आणला.

"आणि देवा म्हाराजा, घरातल्या बाईमाणसाकडून कोकमाचा काही अतिरेक झाला असेल, आणि त्यातून हे लाल लघवीचं दुखणं उद्भवलं असेल, तर ती चूक पोटात घाल!"

गाऱ्हाण्यात निवड नसते. प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा, ही रीत. पण दुकान गप्प झालं. मुली गप्प झाल्या. मुंबई गप्प. आणि त्या शांततेत एकच आवाज आला, आईचा.

"होय म्हाराजा."

असं वाटलं, ते शब्द तारेवर एकटेच चालत निघालेत, सगळ्या डोंगरांवरून, खाड्यांवरून, मुंबईपर्यंत.

"ए!" बाबांचा आवाज आला. बारीक, पण बोटीवरचा. "ह्या वाक्याला माझा होय नाही. पुढचं घाल."

"अण्णा, गाऱ्हाण्यात अडवायचं नसतं!"

"देवाला कुठे अडवतोय? तुला अडवतोय. पुढचं घाल म्हणतो ना!"

"पण वहिनीने होय म्हटलं..."

"तिचा मी परत घेतो!"

"थ्री मिनिट्स," मुंबईची बाई म्हणाली, आणि तिने कात्री चालवली. काकांच्या तोंडातलं पुढचं वाक्य तसंच राहिलं. गाऱ्हाणं अर्धवट राहिलं, आणि आईचा तो होकार हवेत लटकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरबाई मला रजा घे म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, बातमी पहिल्यांदा कळायची जागा सोडून मी कुठे जाऊ? दिवसभर बोर्डावर सुस्त कॉल आले. आंब्याच्या पेट्यांचे, लग्नांचे, कुणाच्या मुलीला पाहायला येणाऱ्यांचे. ऊन खिडकीतून सरकत सरकत बोर्डाच्या भोकांवर आलं, आणि मला प्रत्येक भोक एखाद्या शिरेच्या तोंडासारखं दिसायला लागलं. मी दोरी आत घालताना हळू घालायचे, बाहेर काढताना त्याहून हळू. शेजारची मुलगी म्हणाली, "काय गो, दोरी काढतेस की काटा?" मला वाटत होतं, मी इकडे झटका दिला तर तिकडे तुकडा सुटेल.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा मुंबईचा दिवा लागला.

"रत्नागिरी," ती म्हणाली. "तुमचा हॉस्पिटलचा कॉल. सगळ्यांच्या आधी लावतेय."

तुमचा, म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. तारेच्या त्या टोकालाही दोन नियमांच्या मध्ये एक फट होती तर.

दुकानात आई होती, काका होते, कालचा नारळ अजून पारड्यात होता.

"आई," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी हलकं होतं. "झालं. मूत्रपिंड काढलं. गुठळी अख्खी निघाली. सर्जनने मला भांड्यात दाखवली, माझ्या बोटाएवढी. बाबा शुद्धीवर येतायत."

मी हेडफोनवर दोन्ही हात ठेवले. मागे सुपरवायझरबाईंनी नाक शिंकरलं. दुकानात काकांनी देवाचं नाव घेतलं.

आणि आई म्हणाली, "तू जेवलास का?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"आई, वरणभात."

"तिकडे उकाडा आहे?"

"आहे ना. आई, ऐकतेयस ना तू? बाबा बरे आहेत."

"ऐकतेय रे. पाणी उकळून पी."

मला माझ्या आईचा श्वास ओळखता येतो. तिच्या घशाशी एक प्रश्न अडकला होता आणि काका शेजारी उभे असल्यामुळे तो बाहेर येत नव्हता. मी बोलायचं म्हटलं तर सुपरवायझरबाई मागे. त्या रडत होत्या हे खरं, पण सुपरवायझर होत्याच. मिनिटं उकाड्यात आणि वरणभातात विरघळत होती. टक् असा आवाज झाला. मुंबईची बाई आली. आता कात्री.

"थ्री मि..." ती म्हणाली. थांबली. मग तिच्या सगळ्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच तिचा आवाज चिडला. "अहो आई, लाल की साफ, ते विचारा ना एकदा!"

मग भाऊ हसायलाच लागला. "साफ! साफ आहे! एकाच मूत्रपिंडाची, पण नारळाच्या पाण्यासारखी! आणि आई, थांब, मुख्य राहिलं. आत नेताना बाबांनी मला शपथ घातली होती की सर्जनला कोकमाचं विचार. मी विचारलं. तो म्हणाला, कोकमाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. हा रोग सरबत पिणाऱ्यालाही होतो आणि न पिणाऱ्यालाही. बरे झाले की खुशाल पेलाभर द्या म्हणाला."

इथे मला कहाणी जरा धरून ठेवू द्या, कारण पुढचं वाक्य मला जन्मभर पुरलं आहे. बाबा चालत्या पायांनी परत आले. एक लांब व्रण मिरवत ते पुढे बरीच वर्षं जगले, आणि गेले ते वेगळ्याच, म्हाताऱ्या माणसाला शोभणाऱ्या दुखण्याने. घाटावरच्या मास्तरांनी त्यांना दोनदा पत्र लिहिलं. तिसरं त्यांच्या मुलाच्या हातचं आलं. ते वाचून बाबा दिवसभर खाडीकडे तोंड करून बसले. तोच रोग, तीच सुरी. मी मुंबईच्या बाईला पुढे कितीदा तरी विचारायचं ठरवलं की बाई, तुम्ही कुठल्या गावच्या? धीर झाला नाही, आणि मग थेट फोन आले आणि आम्ही दोघीही तारेतून नाहीशा झालो. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी काका दुकानात खाकरत होते, पारड्यातला नारळ आपोआप किंचित हलत होता, आणि लाइनीत इतकी शांत गाज होती की मला वाटलं, रत्नागिरीपासून मुंबईपर्यंतचा सगळा समुद्र माझी आई काय म्हणते ते ऐकायला थांबला आहे. आता ती देवाचं नाव घेईल, रडेल, काकांकडे एकदा बघेल. आई पोत्यावरून उठल्याचा आवाज आला, आणि ती साऱ्या ट्रंक लाइनीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अगो बाई! मग माझे रातांबे कुजतायत की तिकडे!"